दोन नंबर टेबलची गन

गन पहिल्यांदा अडली तर कार्ट्रिज बदलायचं. दुसऱ्यांदा अडली तर जोर लावायचा नाही, कुणाला काही विचारायचं नाही, रंगुबाईंना हाक मारायची.

हा नियम दीपमाला सिस्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. हात कोपरापर्यंत धुवायचे, धुतलेले हात कमरेखाली न्यायचे नाहीत, हत्यारं मोजून घ्यायची, या सगळ्या नियमांच्या ओळीत आणि त्याच आवाजात. बाकी प्रत्येक नियमाला कारण होतं आणि ते मी कॉलेजात शिकून आले होते. या एकाला नव्हतं. म्हणून मी "का?" म्हटलं.

सिस्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हितं 'का' नसतं. हितं 'हो सिस्टर' असतं."

मी "हो सिस्टर" म्हटलं. नोकरी नवी होती.

मी नीलिमा. गाव जतच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीवर. आमच्याकडे घरात मराठी, दुकानात कन्नड आणि टँकरच्या रांगेत दोन्ही भाषांतून भांडण. कराडला तीन वर्षं ऑपरेशन थिएटरच्या कामाचं शिकले, पदवी घेतली आणि विट्याजवळच्या एका हॉस्पिटलात लागले. दोन टेबलांचं थिएटर, एक मोठे डॉक्टर, एक भूल देणारे डॉक्टर. दीपमाला सिस्टर थिएटरच्या प्रमुख. रंगुबाई मावशी झाडण्या-पुसण्यापासून पेशंटला धीर देण्यापर्यंत सगळं करणाऱ्या. तीस वर्षं त्या तिथं होत्या. मोठे डॉक्टरही त्यांच्याशी बोलताना आवाज खाली आणत.

आधी ती गन काय असते ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

आतड्याचा सडलेला तुकडा काढायचा असतो तेव्हा ती लागते. दिसायला लांब, जाड चिमट्यासारखी. तिच्या दोन जबड्यांत आतडं धरायचं, मूठ आवळायची आणि बाजूचा खटका अंगठ्यानं पुढं ढकलायचा. खटका पळाला की बारीक पिनांच्या ओळी आतड्यात दोन्ही बाजूंनी बसतात आणि त्यांच्या मधून एक पातं कापत जातं. शिवणं आणि कापणं एका दमात. पिना कार्ट्रिजमध्ये भरलेल्या असतात. एक कार्ट्रिज एकदाच चालतं.

आता समजा कार्ट्रिज रिकामं आहे. पातं तर पळणारच. म्हणजे नुसतं कापलं जाणार, शिवलं काहीच जाणार नाही, आणि पोटात आतडं दोन्ही बाजूंनी उघडं पडणार. म्हणून गनमध्ये पोलादाची एक छोटी जीभ असते, तांदळाच्या दाण्याएवढी. कार्ट्रिज वापरलेलं असलं की ती खाली पडते आणि खटक्याची वाट अडवते. कितीही ढकला, खटका हलत नाही. कॉलेजातले आमचे सर म्हणायचे, माणूस विसरतो म्हणून ही जीभ ठेवली आहे.

आमच्या दोन नंबर टेबलची गन जुनी होती. ती ठरावीक वेळाच वापरायची असते. किती वेळा वापरली, हेही विचारायचं नव्हतं.

ती माझ्यासमोर पहिल्यांदा अडली तेव्हा ऊसतोड नुकतीच सुरू झाली होती. बाहेर दुपार होती, पण थिएटरला खिडकी नाही. आत शिरलं की एकच पांढरा उजेड, एकच गारवा, स्पिरिटचा वास आणि त्याखाली जळालेल्या मांसाचा हलका वास. पेशंट एक म्हातारे गृहस्थ होते. डॉक्टरांनी गन लावली, खटका ढकलला आणि थांबले. मी कार्ट्रिज बदललं. नवं, सीलबंद, माझ्या हातानं फोडलेलं. पुन्हा लावली. खटका हलला नाही.

डॉक्टरांनी गन सोडवून माझ्या हातात दिली. दीपमाला सिस्टरांनी दाराकडे मान वळवली आणि अगदी हळू म्हणाल्या, "रंगुबाई."

मावशी आल्या. निर्जंतुक कशालाही त्यांचा हात लागायला नको, म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले होते. माझ्याजवळ येऊन त्या वाकल्या. गन मी ट्रेवर धरली होती. मास्कमधून मिश्रीचा वास आला. एखाद्या झोपलेल्या लेकराच्या कानात बोलावं तशा त्या गनपाशी काहीतरी बोलल्या. तीनच शब्द. मग सरळ झाल्या आणि आल्या तशा गेल्या.

डॉक्टरांनी गन पुन्हा लावली. खटका पळाला.

मला राग आला. भीती नव्हे, राग. एवढं मोठं ऑपरेशन, एवढं शिकलेले लोक, आणि हत्यार अडलं की मंत्र घालायला बाई बोलवायची. त्यात मला ते तीन शब्द कळले होते. तिथं कुणाला कळले नसते, मला कळले.

"बिड, अव्वा, बिड."

सोड, आई, सोड.

चहाच्या वेळी मी सिस्टरांना विचारलं, "मावशी गनशी कन्नडमध्ये का बोलतात?"

"तुला डबा खायचा का चौकशा करायच्या?"

"दोन्ही जमतं मला."

"शिकल्याल्या पोरींचं हेच वाईट," सिस्टर म्हणाल्या. "पदवी पोटात मावत न्हाई, तोंडातनं भाईर येती."

तीन महिन्यांत ती गन माझ्या हातात आणखी तीनदा अशी अडली. प्रत्येक वेळी नवं कार्ट्रिज होतं. प्रत्येक वेळी मावशी आल्या, वाकल्या, बोलल्या आणि खटका सुटला. मी ठरवलं, जीभ झिजली असेल, वेळी-अवेळी पडत असेल. यंत्राचा दोष आहे, माणसांनी त्याचा देव केलाय. एकदा उघडून दाखवलं की सगळ्यांची तोंडं बंद.

तर एका मंगळवारी दुपारी, कामं उरकल्यावर, हत्यारं धुवायच्या खोलीत मी एकटी होते. नळ बारीक चालू होता. मी एक वापरलेलं, रिकामं कार्ट्रिज गनमध्ये मुद्दाम बसवलं. जबड्यांत जुन्या हातमोज्याचं बोट धरलं, मूठ आवळली. आता जीभ पडायला हवी होती. खटका अडायलाच हवा होता.

मी ढकललं. खटका सरळ शेवटपर्यंत गेला.

हातमोज्याचं बोट कापलं जाऊन बेसिनमध्ये पडलं. एकही पिन नाही. कड इतकी साफ की ब्लेडनं कापावी.

मी बॅटरी घेतली आणि जबड्याच्या मुळाशी पाहिलं. जीभ जिथं असते तिथं नुसता खुंट होता. त्यावर कानशीचे बारीक ओरखडे होते, एका दिशेनं, शिस्तीत ओढलेले. ती झिजली नव्हती. कुणीतरी बसून घासून काढली होती.

म्हणजे या गनला कुलूपच नव्हतं. तिला अडवू शकेल असं तिच्यात काही नव्हतं.

मी नळ बंद केला. खोलीत एकदम फार शांत झालं. बाहेर रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर चालला होता, त्याच्या गाण्याचा आवाज भिंतीतून येत होता आणि मला तो बरा वाटला. मी पुन्हा खटका मागं घेतला, पुढं ढकलला. गेला. पुन्हा. गेला. मी मोठ्यानं म्हटलं, "अड की आता." आवाज माझाच होता, पण मला तो आवडला नाही. खटका गेला.

ती उगाच अडत नव्हती. टेबलावर जिवंत माणूस असला, तरच अडत होती.

मावशी मागच्या व्हरांड्यात उन्हाला पाठ करून गॉजच्या घड्या घालत होत्या. मी शेजारी बसले. दोन घड्या घातल्या. मग म्हटलं, "मावशी, त्या गनला जीभ नाही."

"म्हाईत हाय."

"मग अडते कशी?"

"अडत न्हाई ती. धरत्या."

"कोण?"

मावशींनी घडीवरून हात फिरवला. "तुमच्या तिकडलीच हुती. हरणाबाई. मेंढरं घिऊन आली हुती. हितल्या रानात बसवाय."

आमच्याकडची धनगरं दर वर्षी इकडं येतात. शेतात मेंढ्या बसवतात, रानाला खत होतं, त्यांना दाणे मिळतात. हरणाबाई तशीच आली होती, अकरा वर्षांपूर्वी. पोटात पीळ पडला म्हणून तिला कुणाच्या तरी जीपमधून आणलं. नवरा मेंढ्यांपाशी थांबला होता, बरोबर एक जाऊ तेवढी.

"त्या टायमाला गन नवी आल्याली," मावशी म्हणाल्या. "सारखी अडायची. सायेब वैतागायचं. कार्ट्रिज भरल्यालं असलं तरी अडायची म्हणं. एक दिवस त्येनी कानस मागवली. मीच आणून दिली, वर्कशॉपातनं."

"आणि जीभ घासली."

"घासली. मग लय झ्याक चालायची." त्यांनी हातातली घडी खाली ठेवली. "त्यात सायबाची एकल्याची चूक न्हवती, पोरी. माझी बी हाय."

कार्ट्रिज नवं असतं तेव्हा त्यावर लाल प्लास्टिकची टोपी असते. वापरताना काढायची. वापरलेलं बिनटोपीचं, न वापरलेलं टोपीचं, इतकं सोपं. मावशींच्या हाताला सवय वेगळी होती. घरी डब्याचं झाकण डब्यावर, बाटलीचं बूच बाटलीला. उघडं काही ठेवायचं नाही. त्या दिवशी सकाळच्या ऑपरेशनचं रिकामं कार्ट्रिज ट्रेमध्ये पडलं होतं आणि शेजारी लाल टोपी पडली होती. त्यांनी पुसलं, टोपी लावली आणि नीट मांडून ठेवलं.

"जसं आलं तसं ठेवायचं, एवढंच माझ्या डोस्क्यात," त्या म्हणाल्या.

दुपारी हरणाबाईच्या पोटात ते लागलं. गनला जीभ असती तर खटका अडला असता. तो पळाला.

डॉक्टरांनी हातानं शिवलं, पण तोवर पोटभर घाण झाली होती. ती तीन दिवस जगली. तिला मराठी येत नव्हतं. ती मावशींचा हात धरून बसायची आणि एकच म्हणायची, बिडबेड. सोडू नको. पहिले दोन दिवस मावशी ड्युटी संपल्यावरही थांबल्या. तिसऱ्या दिवशी घरी पाहुणे यायचे होते. त्यांनी तिच्या जावेला विचारून घेतलं, 'सोड' कसं म्हणायचं. आणि तिची बोटं एकेक करून सोडवली.

"बिड, अव्वा, बिड. असं म्हणत म्हणत." मावशींनी स्वतःचा उजवा हात पुढं धरून बघितला. "ताकद लय हुती गं हातात. मरत्याल्या माणसाच्या मानानं लय हुती."

दुसऱ्या दिवसापासून गन धरायला लागली.

"आणि तुम्ही तिला सोड म्हणता. अजून."

"सायेब म्हणत्यात, आता कार्ट्रिज बदाललं, समदं बघितलं, आता सोडाय सांगा. मी सांगते."

"आणि तिनं सोडल्यावर... पेशंट बरे होतात ना?"

"व्हत्यात की. बऱ्याच येळा व्हत्यात."

"बऱ्याच वेळा?"

मावशींनी पुढची घडी घालायला घेतली.

शनिवारी मावशी निवृत्त होणार होत्या. साडी आणली होती, पेढे सांगितले होते. बुधवारी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सिस्टर आधीच बसल्या होत्या. मला बसा म्हणाले. आमच्याकडे मोठी माणसं लहानांना बसा म्हणतात तेव्हा काहीतरी गळ्यात घालायचं असतं.

"नीलिमा, तू जतची. कन्नड येतं तुला."

"येतं."

"रंगुबाई जाणार. त्यांचं ते काम... तू शिकून घे."

"सर, त्या गनला कुलूप नाही. मी तपासलंय."

मला वाटलं, आता आरडाओरडा होईल. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मला माहीत आहे. मीच घासलंय."

मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होत्या.

"मग नवी गन का नाही आणत?"

"आणली होती. सहा वर्षांपूर्वी. कपाटात आहे. कुलूप शाबूत, सगळं उत्तम." त्यांनी चष्मा काढला. "पाचव्या पेशंटला नीट चालली. पिना नीट बसल्या. चौथ्या दिवशी शिवण फुटली. आतडंच तिथं पिना धरण्यासारखं नव्हतं, वरून कळलं नाही. कुलपाला फक्त भरलेलं आणि रिकामं एवढंच ओळखता येतं. त्या गननं मला काही सांगितलं नाही." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "ही सांगते."

साठीचा माणूस, भिंतीवर एवढ्या पदव्या, आणि आवाजात कसलीही थट्टा नाही.

"ती सांगते असं तुम्हीच म्हणता," मी म्हटलं. "मग सोड का म्हणायला लावता?"

"कारण प्रत्येक वेळी तिचं ऐकत बसलो तर ऑपरेशन पुरं होणार नाही. अखेर निर्णय सर्जनचा असतो."

"म्हणजे पटलं तर ऐकायचं. घाई असली तर तिला गप्प करायचं."

"नीलिमा," सिस्टर म्हणाल्या. "कुणापुढं बोलतीस?"

"तेच बघतेय सिस्टर."

डॉक्टर रागावले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "विचार कर," ते म्हणाले. "उद्यापासून रंगुबाईंच्या शेजारी उभी राहा."

गुरुवारी दुपारी रेश्मा आली. चोवीस वर्षांची, खंडाळ्याची. मावसबहिणीच्या लग्नासाठी इकडं आलेली. दोन दिवस पोट दुखत होतं, घरातल्या मोठ्यांनी ओवा दिला, सोडा दिला, पोटाला एरंडेल चोळलं. तिसऱ्या दिवशी उलटी हिरवी झाली तेव्हा गाडी काढली. आतड्याला पीळ पडला होता. मी तिला टेबलावर घेताना तिनं माझा हात पकडला.

"ताई, शनिवारी वरात हाय. तवर सोडतील का?"

"वरातीत नाचायचं काढ डोक्यातून."

"नाचत न्हाई. नुसती बसते." ती हसायचा प्रयत्न करत होती. मग भूल चढली.

पोट उघडल्यावर दिसलं, हातभर आतडं काळं पडलेलं. ते कापून काढायचं, दोन्ही चांगली टोकं जोडायची. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, रक्तदाब खाली येतोय, जरा लवकर. मोठ्या डॉक्टरांनी काळं संपून गुलाबी सुरू होतं तिथं, थोडं पुढं, जागा निवडली. मी गन दिली. त्यांनी जबडे मिटले, खटका ढकलला.

हलला नाही.

मी कार्ट्रिज बदललं. सील फोडलं, लाल टोपी काढली, पिना उजेडात धरून पाहिल्या. सगळ्या होत्या. पुन्हा दिलं.

हलला नाही.

त्यांनी गन सोडवून माझ्याकडे परत दिली. मी ती ट्रेवर धरली. आता थिएटरमध्ये मॉनिटरची टिकटिक आणि एसीची घरघर एवढंच होतं. सिस्टरांनी दाराकडे मान वळवली नाही. माझ्याकडे वळवली. मावशी आधीच आत येऊन माझ्या शेजारी उभ्या होत्या, हात पाठीमागं बांधून.

"सांग तिला," डॉक्टर म्हणाले.

मी गनकडे पाहिलं. साधी वस्तू. स्टील आणि प्लास्टिक. मूठ माझ्या तळहातात होती आणि अंगठा खटक्यावर. मी हलकेच ढकलून पाहिलं. अडलेल्या यंत्राला एक कडकपणा असतो, दगडासारखा. हा तसा नव्हता. मी जेवढं ढकललं, तेवढंच पलीकडून मागं ढकललं गेलं. जास्त नाही. कमी नाही...

"सर, जागा बदला," मी म्हटलं.

"जागा चांगली आहे."

"चार बोटं पुढं घ्या."

"तीस वर्षं आतडी बघतोय मी. गुलाबी आहे. दिसतंय तुला."

"मग हातानं शिवा."

"पाऊण तास लागेल. प्रेशर बघ तिचं." आवाज अजून शांतच होता, पण कपाळावरचा घाम सिस्टर पुसत होत्या तो थांबत नव्हता. "नीलिमा, वाद नको. सांग."

खरं सांगते, तेव्हा मला दोन्ही बाजूंनी भीती वाटत होती. डॉक्टर बरोबर असतील तर माझ्या हट्टापायी ती मुलगी टेबलावरच दगावेल. मी कुठल्या बळावर बोलत होते? घासलेल्या खुंटाच्या? अकरा वर्षांपूर्वी मेलेल्या एका बाईच्या, जिला मी पाहिलंही नव्हतं? सगळ्यात सोपं होतं वाकणं. तीन शब्द, आणि ते मला या खोलीतल्या कुणाहूनही चांगले म्हणता आले असते. उच्चारासकट.

"पोरी," मावशी कानाशी म्हणाल्या, "तुला जमत न्हाई तर मी म्हणते. तू हो बाजूला."

त्या वाकायला लागल्या. मिश्रीचा वास आला.

मी ट्रे छातीशी ओढून घेतला.

"नाही मावशी. तुम्हीपण नाही."

"नीलिमा..." सिस्टर.

"नाही सिस्टर." मास्कमध्ये माझा श्वास गरम लागत होता. "ती हात धरून सांगत होती, सोडू नको. तेव्हा तुम्ही तिची बोटं सोडवलीत. सरांनी कुलूप घासून टाकलं आणि तिलाच कुलूप करून ठेवलं. आणि आता कुलूप लागलं की तिलाच म्हणायचं, सोड. अकरा वर्षं ती एवढं एकच काम करतेय, आणि प्रत्येक वेळी तुम्ही तिला ते करू देत नाही. मी तिला सोड म्हणणार नाही. कुणाला म्हणू देणार नाही. गन मी देत नाही."

रेश्मा वरातीला गेली नाही, पण तेराव्या दिवशी आपल्या पायांनी घरी गेली, हे नंतरचं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. तेव्हा फक्त एवढंच होतं, की मी बोलायची थांबले आणि समोरून काही आलं नाही. डॉक्टरांचा हात गनसाठी पुढं आला होता, तो तसाच हवेत राहिला. मग बोटं हळूहळू वळली आणि त्यांनी न बोलता सुई-धाग्याची खूण केली. सिस्टरांनी मान खाली घातली. मावशींचे पाठीमागं बांधलेले हात सुटून दोन्ही बाजूंना लोंबत होते.

त्या शांततेत मला अंगठ्याखाली काहीतरी जाणवायला लागलं. मी ढकलत नव्हते. अंगठा नुसता टेकलेला होता. खटका अगदी बारीक उडत होता... थांबत होता... उडत होता. मी आधी माझीच नाडी समजले. पण माझी कानात धडधडत होती, फार जलद. मग रेश्माची म्हणावी, तर तिची मॉनिटरवर वाजत होती, एकशे दहा.

खटक्याखालची सावकाश होती.